पुणे सोडून बंगळुरू: पगारवाढीचा हिशेब आणि मागे राहणारे हक्क

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडमध्ये स्वतःचा, कर्ज फिटलेला फ्लॅट आहे. तुमचा पगार वर्षाला 24 लाख आहे, पत्नी शाळेत शिकवतात आणि त्यांना महिना 40 हजार मिळतात. मुलगी सातवीत आहे आणि आईवडील पुण्यातच वेगळ्या घरी राहतात. बंगळुरूच्या एका कंपनीने 30 लाख देऊ केले आहेत. एवढ्या वाढीत तिथे राहणे परवडेल का, आणि राहणीमान खरोखर सुधारेल का, असे तुम्ही विचारले आहे. राज्य बदलणाऱ्या कुटुंबांचे असे हिशेब मी बराच काळ करून देत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की भाजी, किराणा, पेट्रोल यांच्या दरांतल्या फरकावर तुमचे उत्तर अवलंबून नाही. आपल्या देशात राज्य बदलले की वस्तूंच्या किमती थोड्याच बदलतात. राज्याच्या रहिवासाला जोडलेले हक्क मात्र पुष्कळ बदलतात आणि त्यांची किंमत कुठल्याही तक्त्यात लिहिलेली नसते.

दोन शहरांचे आकडे घालून ‘तिकडे इतक्या टक्क्यांनी महाग’ असे उत्तर देणारी संकेतस्थळे तुम्ही पाहिली असतीलच. त्यांतली बरीचशी मांडणी अमेरिकेसारख्या देशांतून आलेली आहे, जिथे राज्याराज्यांचा प्राप्तिकर वेगळा असतो. आपल्याकडे पगारावरचा प्राप्तिकर केंद्राचा आहे आणि तो सगळीकडे सारखाच लागतो. राज्याचा म्हणून पगारातून कापला जातो तो व्यवसाय कर, आणि त्यावर राज्यघटनेनेच वर्षाला 2,500 रुपयांची कमाल मर्यादा घातलेली आहे; महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडे तुम्हाला जवळपास तेवढाच भरावा लागेल. सरकारी महागाई निर्देशांकही या कामी उपयोगाचा नाही, कारण एका ठिकाणी किमती काळाप्रमाणे किती वाढल्या एवढेच तो सांगतो, एका राज्यातली किमतींची पातळी दुसऱ्यापेक्षा किती उंच आहे हे सांगत नाही. एका शहराचा निर्देशांक दुसऱ्याच्या शेजारी ठेवून काढलेला निष्कर्ष म्हणूनच चुकीचा ठरतो.

आता वाढीचे 6 लाख हातात किती पडतात ते पाहू. आर्थिक वर्ष 2025-26 च्या नव्या करप्रणालीचे टप्पे लावले आणि 75 हजारांची प्रमाणित वजावट धरली, तर 24 वरून 30 लाखांवर जाताना कर आणि उपकर मिळून सुमारे 1 लाख 83 हजार रुपये वाढतात. उरतात 4 लाख 17 हजार, म्हणजे महिन्याला 34,700 रुपये. भविष्यनिर्वाह निधीची कपात आणि कामगिरीवर अवलंबून असलेला पगाराचा भाग यात धरलेला नाही. देऊ केलेल्या 30 लाखांत असा भाग मोठा असेल, तर हातात येणारी रक्कम आणखी कमी होईल. म्हणून नेमणूकपत्रात निश्चित पगार किती आहे हे आधी वाचावे.

कोथरूडचा फ्लॅट भाड्याने दिला आणि 30 हजार भाडे आले असे धरू. त्या भाड्यातून 30 टक्के प्रमाणित वजावट मिळते आणि उरलेल्यावर तुमच्या सर्वांत वरच्या दराने कर लागतो, म्हणजे हाती साधारण 23,400 राहतात. शिवाय पुणे महापालिका मालक स्वतः राहत असलेल्या घराच्या मिळकतकरात 40 टक्के सवलत देते, ती घर भाड्याने दिल्यावर जाते. बंगळुरूला कार्यालयापासून बेताच्या अंतरावर दोन शयनगृहांचे घर 50 हजार भाडे आणि 5 हजार देखभाल शुल्क अशा दराने मिळाले असे समजा. हा दर भाग बदलला की बदलेल, तेव्हा तुमचा खरा आकडा तिथे बसवावा. मग घरापोटी महिन्याचा नवा बोजा 31,600 रुपयांचा होतो आणि 34,700 च्या वाढीतून जेमतेम 3 हजार उरतात. 25 टक्के पगारवाढीचे प्रत्यक्षात हे असे होते, आणि याचे मुख्य कारण म्हणजे स्वतःच्या घरात बिनभाड्याने राहणारे कुटुंब दुसऱ्या शहरात भाडेकरू होते. आज भाड्याच्याच घरात राहणाऱ्या तुमच्या सहकाऱ्याला हाच प्रस्ताव खूप चांगला ठरू शकतो. त्यामुळे त्याचा सल्ला प्रामाणिक असला तरी तो तुमच्या कामाचा नाही.

बंगळुरूला घरभाडे भत्ता मिळेल आणि कर वाचेल असे पुष्कळांना वाटते. ती सूट फक्त जुन्या करप्रणालीत आहे. तुमच्या 30 लाखांच्या पगारावर जुनी प्रणाली फायद्याची ठरायला प्रमाणित वजावटीखेरीज सुमारे 8 लाखांच्या वजावटी लागतात. तुमचे गृहकर्ज फिटलेले असल्यामुळे तेवढ्या जमणे अवघड दिसते, तरी दोन्ही गणिते एकदा करून पाहावीत. भाडे महिन्याला 50 हजारांपेक्षा जास्त ठरले, तर घरमालकाला देताना 2 टक्के कर कापून सरकारजमा करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते, हेही लक्षात असू द्यावे.

भाड्याच्या व्यवहाराची रीत दोन्ही राज्यांत फार वेगळी आहे. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि आपल्याकडे दोन-तीन महिन्यांच्या अनामत रकमेवर भागते. बंगळुरूला 11 महिन्यांचा करार सहसा मुद्रांक कागदावर होतो, त्याची नोंदणी बहुधा होत नाही, आणि अनामत पूर्वी 10 महिन्यांच्या भाड्याइतकी मागत असत. आता पाच-सहा महिन्यांवर तडजोड होते. म्हणजे अडीच-तीन लाख रुपये बिनव्याजी अडकतात, आणि घर सोडताना रंगकामासाठी एक महिन्याचे भाडे कापून घेण्याची तिथली प्रथाच आहे. करारात रंगकामाची रक्कम, अनामत परत देण्याची मुदत आणि दरवर्षीची भाडेवाढ हे तीन मुद्दे शब्दांत लिहून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये.

रोजच्या खर्चावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. नंदिनीचे दूध पुण्यातल्या पिशवीच्या दुधापेक्षा स्वस्त पडते, उपाहारगृहात इडली-डोसा आणि कॉफी कमी पैशांत मिळते, आणि कर्नाटक सरकारच्या 2023 पासून सुरू असलेल्या गृहज्योती योजनेत 200 युनिटांच्या आतील घरगुती वीजवापराला, घराच्या आधीच्या सरासरीवर बांधलेल्या मर्यादेत, बिल येत नाही. भाडेकरूंनाही ती योजना घेता येते. शक्ती योजनेत महिलांना राज्य परिवहनाच्या साध्या बसमधून विनामूल्य प्रवास आहे, पण त्यासाठी कर्नाटकातल्या पत्त्याचे ओळखपत्र लागते. याउलट बंगळुरू मेट्रोचे भाडे फेब्रुवारी 2025 च्या वाढीनंतर जास्तीत जास्त 90 रुपयांवर गेले आहे. पुण्यात ते 35 आहे. या सगळ्याची बेरीज-वजाबाकी महिन्याला दोन-तीन हजारांच्या पलीकडे क्वचितच जाते.

गाडीचा मामला मात्र मोठा आहे. मोटार वाहन कायद्याप्रमाणे एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली, तर तिथला नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी आपल्या परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र न्यावे लागते, कर्नाटकाचा आजीवन कर आधी भरावा लागतो आणि मग महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागावा लागतो. कर्नाटकाचा हा कर देशातल्या सर्वांत जास्त करांपैकी आहे. 10 ते 20 लाखांच्या नव्या मोटारीला 17 टक्के आणि त्यावर अधिभार, तर महाराष्ट्रात त्याच किमतीच्या पेट्रोल मोटारीला 12 टक्के. जुन्या गाडीला वयाप्रमाणे तो कमी लागतो. तुमची मोटार सात-आठ वर्षांची असेल, तर ती पुण्यातच विकून टाकणे बहुतेक वेळा शहाणपणाचे ठरते. नवी घ्यायची असेल आणि कंपनीची कार्यालये चार किंवा अधिक राज्यांत असतील, तर 2021 मध्ये सुरू झालेल्या, देशभर चालणाऱ्या ‘बीएच’ (भारत) मालिकेचा क्रमांक घ्यावा. त्या मालिकेत कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो आणि पुढे पुन्हा राज्य बदलले तरी नवा क्रमांक घ्यावा लागत नाही.

आता मुलीविषयी. तुमच्या पत्रात तिचा उल्लेख एका ओळीत आहे, पण माझ्या मते सगळ्या निर्णयाचा कणा तिथेच आहे. बारावीनंतरच्या व्यावसायिक प्रवेशांत प्रत्येक राज्य आपल्या जागा आपल्या रहिवाशांसाठी राखते आणि रहिवास ठरवण्याची प्रत्येकाची कसोटी निराळी आहे. महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशाच्या राज्याच्या 85 टक्के जागांसाठी अधिवास प्रमाणपत्राबरोबरच दहावी आणि बारावी दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून उत्तीर्ण झालेल्या असाव्या लागतात; केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसारखे काही अपवाद आहेत, खासगी नोकरीतल्यांना ते लागू नाहीत. कर्नाटकाची मुख्य अट अशी आहे की पहिली ते बारावीपैकी किमान 7 वर्षे कर्नाटकात शिकलेले असावे आणि दहावी किंवा बारावी तिथून उत्तीर्ण केलेली असावी. तुमची मुलगी येत्या जूनमध्ये आठवीत तिकडे गेली, तर बारावीपर्यंत तिची कर्नाटकातली वर्षे होतात 5. म्हणजे कर्नाटक तिला आपली मानणार नाही, आणि दहावी-बारावी बाहेरून झाल्यामुळे महाराष्ट्राच्या वैद्यकीय जागांवरचा तिचा हक्कही जाईल. उरतील त्या 15 टक्के अखिल भारतीय जागा, अभिमत विद्यापीठे आणि खासगी महाविद्यालयांतल्या सर्वांसाठी खुल्या, जास्त शुल्काच्या जागा. शासकीय आणि खासगी वैद्यकीय शिक्षणाच्या शुल्कातला फरक पाच वर्षांत कित्येक लाखांचा, काही ठिकाणी कोटीच्या घरातला होतो. महिन्याला उरणारे ते 3 हजार रुपये याच्यापुढे काय टिकणार?

अभियांत्रिकीत परिस्थिती इतकी कठीण नाही. महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत आई किंवा वडील महाराष्ट्राचे अधिवासी असतील, तर बाहेरच्या राज्यात शिकलेल्या मुलालाही राज्याचा उमेदवार मानणारा स्वतंत्र प्रकार आहे, आणि बंगळुरूच्या खासगी महाविद्यालयांची ‘कॉमेड-के’ परीक्षा कुठल्याही राज्यातल्या विद्यार्थ्याला देता येते. कर्नाटकाच्या नियमांत आणखी एक वाट आहे, जी सीमाभागाशी नाते असलेल्या मराठी कुटुंबांना उपयोगी पडते: आई किंवा वडील स्वतः कर्नाटकात किमान 7 वर्षे शिकलेले असतील आणि मुलाने अकरावी-बारावी कर्नाटकात केली असेल, तर तो पात्र ठरतो. तुमच्यापैकी कुणाचे शालेय शिक्षण बेळगाव, निपाणी, खानापूरकडे झाले असेल, तर शाळेचे दाखले आजच शोधून ठेवावेत. हे नियम दरवर्षीच्या माहितीपुस्तिकेत पुन्हा छापले जातात. निर्णयाआधी महाराष्ट्राच्या सीईटी कक्षाची आणि कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाची चालू पुस्तिका स्वतः वाचावी, एजंटाच्या तोंडच्या माहितीवर विसंबू नये.

यातून वयाचे एक साधे गणित निघते. मूल पाचवी संपवून सहावीला तिकडे जाणार असेल, तर सात वर्षे बरोबर भरतात. त्याहून मोठे असेल आणि वैद्यकीयचा विचार असेल, तर बारावीपर्यंत महाराष्ट्र न सोडणे बरे. डॉक्टर व्हायचे की नाही हे सातवीतल्या मुलीला ठरवता येत नाही, हे मलाही मान्य आहे. म्हणूनच तिच्यासाठी ते दार आपण आत्ताच बंद करावे का, एवढाच प्रश्न तुम्ही दोघांनी स्वतःला विचारायचा आहे. त्याशिवाय, 2015 च्या कायद्याने कर्नाटकातल्या शाळांत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवणे आवश्यक केले आहे आणि तो केंद्रीय मंडळांच्या शाळांनाही लागू केलेला आहे. आठवीत नवी लिपी घेऊन बसणाऱ्या मुलीला शाळा किती सवलत देते, हे प्रवेश घेण्यापूर्वी लेखी विचारावे.

तुमचे कुटुंब आरक्षित प्रवर्गातले आहे की नाही ते तुम्ही लिहिलेले नाही, तरी हे सांगणे मला गरजेचे वाटते. अनुसूचित जाती आणि जमातींच्या याद्या राज्यवार आहेत. स्थलांतर करून गेलेल्या व्यक्तीला नव्या राज्याच्या सेवांत व प्रवेशांत त्या राज्याचे आरक्षण मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. इतर मागासवर्गांच्या बाबतीतही महाराष्ट्राच्या यादीतली जात कर्नाटकाच्या यादीत असेलच असे नाही. केंद्राच्या नोकऱ्या आणि प्रवेशांतला हक्क मूळ राज्याच्या दाखल्यावर टिकतो. त्यामुळे जात प्रमाणपत्र, जात वैधता आणि तुम्हा दोघांचे व मुलीचे अधिवास प्रमाणपत्र ही कागदपत्रे पुणे सोडण्यापूर्वी काढून घ्यावीत. बंगळुरूत बसून तहसील कार्यालयाच्या खेपा घालणे फार त्रासाचे होते.

पत्नीच्या नोकरीचा विचार पगाराच्या प्रस्तावात कुणीच करत नाही. त्या अनुदानित शाळेत मान्यताप्राप्त पदावर असतील, तर राजीनाम्याने सेवाज्येष्ठता कायमची जाते. अशा वेळी आधी बिनपगारी रजेची चौकशी करावी. खासगी शाळेत असतील, तर बंगळुरूला काम मिळेल, पण शाळांच्या नेमणुका मुख्यतः वर्षाच्या सुरुवातीला होतात. मध्येच गेल्यास आठ महिन्यांचा खंड पडला असे धरले, तरी 3 लाख 20 हजारांचे उत्पन्न बुडते आणि पहिल्या वर्षी तुमच्या वाढीव पगारातला मोठा वाटा तिथेच संपतो. त्यांच्या मनाचा कौल या आकड्याहूनही महत्त्वाचा आहे, आणि तो निर्णयाआधी घ्यायला हवा, निर्णय झाल्यावर नव्हे.

राहणीमानाबद्दल तुम्ही एका सरकारी क्रमवारीचा आधार दिला आहे. केंद्राच्या राहणीसुलभता निर्देशांकात 2020 च्या फेरीत मोठ्या शहरांत बंगळुरू पहिले आणि पुणे दुसरे होते, हे खरे. पण त्याच निर्देशांकाच्या 2018 च्या फेरीत पुणे पहिले होते आणि बंगळुरू 58 वे. दोन वर्षांत शहर इतके बदलत नाही, मोजण्याची पद्धत बदलते. आणि त्या दोन शहरांच्या गुणांतला फरक अर्ध्या गुणाच्या आत होता. वाहतुकीचेही असेच आहे: टॉमटॉम कंपनीच्या 2024 च्या मोजणीत 10 किलोमीटर जायला दोन्ही शहरांत 33-34 मिनिटे लागत होती. शहराच्या सरासरीला म्हणून अर्थ नाही. तुमचे कार्यालय शहराच्या पूर्वेकडच्या व्हाइटफील्डला असेल आणि घर जांभळ्या मेट्रो मार्गाच्या स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर असेल, तर पुण्यात कोथरूडहून हिंजवडीला जाण्यापेक्षा दिवस पुष्कळ सुखाचा जाईल. तेच घर दक्षिणेकडच्या जयनगरला आवडले म्हणून घेतले, तर रोज बराच वेळ रस्त्यावर जाईल आणि मुलगी जागी असताना तुम्ही घरी नसाल. म्हणून आधी कार्यालय, मग मुलीची शाळा आणि शेवटी घर, याच क्रमाने शोध घ्यावा.

पाण्याची चौकशी भाड्याइतक्याच काळजीने करावी. शहराला कावेरीचे पाणी सुमारे 100 किलोमीटरवरून आणि मोठी चढण चढवून आणावे लागते, आणि बाहेरच्या भागांतल्या कित्येक वसाहती वर्षानुवर्षे कूपनलिका आणि टँकरवर जगत आल्या आहेत. 2024 च्या उन्हाळ्यात तिथे किती हाल झाले ते आपण वाचले आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला, दिवसाला 77.5 कोटी लिटर पाणी वाढले आणि 2007 च्या सुमारास शहरात आलेल्या 110 गावांपर्यंत ते नेण्याची सोय झाली. तरीही एखाद्या संकुलात जोडणी प्रत्यक्ष आली आहे का, हे सोसायटीच्या मागच्या मार्च-एप्रिलच्या टँकर बिलांवरून पाहावे. आपल्याकडे वाघोली-उंड्रीत जे चालते तेच तिथे चालते, पण कोथरूडमध्ये खडकवासल्याच्या पाण्यावर वाढलेल्या कुटुंबाला त्याची सवय नसते.

हवा हे मात्र बंगळुरूचे निर्विवाद सुख आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीमुळे उन्हाळा पुण्यापेक्षा सौम्य असतो. पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत रेंगाळतो एवढेच. गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळामुळे आणि तिथल्या मोठ्या मराठी वस्तीमुळे सणवार सुनेसुने जात नाहीत. आईवडिलांचे काय, हा प्रश्न उरतोच. पुणे-बंगळुरू अंतर साधारण 840 किलोमीटर आहे. रात्रीची बस किंवा उद्यान एक्सप्रेस ही नेहमीची साधने, आणि तातडीच्या वेळी विमान. महिन्याला एका फेरीचा खर्च घरखर्चात आधीच धरावा, आणि त्यांचा आरोग्यविमा व पुण्यातले डॉक्टर आहेत तसेच ठेवावेत. आईवडिलांनी 70 वर्षे ओलांडली असतील, तर आयुष्मान भारतचे ज्येष्ठांसाठीचे 5 लाखांचे कार्ड निघण्यापूर्वी काढून द्यावे.

तिकडे लगेच घर विकत घेण्याचा मोह टाळावा. ऑगस्ट 2025 अखेर कर्नाटकाने नोंदणी शुल्क 1 वरून 2 टक्के केले. ते, मुद्रांक शुल्क आणि अधिभार मिळून 1 कोटीच्या घरामागे साधारण 7 लाख 60 हजार जातात, शिवाय ‘ए’ आणि ‘बी’ खात्याचा, म्हणजे महापालिकेच्या दप्तरातल्या नियमित आणि अनियमित मिळकतींच्या नोंदींचा, घोळ बाहेरच्या माणसाला समजायला वेळ लागतो. दोन वर्षे भाड्याने राहून, शाळा आणि नोकरी रुळल्यावर त्याचा विचार करावा.

तुमच्या जागी मी कंपनीला आधी 34 लाखांचा निश्चित पगार मागितला असता. वरच्या 4 लाखांतून करानंतर 2 लाख 75 हजार, म्हणजे महिन्याला 23 हजारांच्या आसपास उरतात, आणि पत्नीच्या नोकरीतला खंड व आईवडिलांकडच्या फेऱ्या एवढ्या रकमेत पेलता येतात. अनामत रक्कम, सामान हलवणे आणि शाळेचा प्रवेश यांसाठी एकरकमी भत्ता वेगळा मागावा. कंपनी पुण्यातूनच, महिन्यातून एक आठवडा तिकडे येण्याच्या अटीवर काम करू देत असेल, तर मुलीची बारावी होईपर्यंत 27 लाखांतही तुम्ही आजच्यापेक्षा सुस्थितीत राहाल. हा पर्याय त्यांनी दिलेला नाही म्हणून तो नाहीच असे समजू नका. नेमणूकपत्रावर सही करण्याआधी तो विचारून घ्या.